माहितीच्या पायऱ्या

चंद्रावर माणूस उतरवावयाचा, तर प्रथम सुट्या भागांची यादी नीट ठेवावी लागते. अपोलो मोहिमेच्या वेळी अमेरिकेतील अभियंत्यांपुढे हीच अडचण उभी राहिली. सॅटर्न-५ या प्रचंड अग्निबाणाचे लाखो भाग. त्यांतील कोणता कशात बसतो, याचा हिशेब कागदावर सांभाळणे केवळ अशक्य होते. १९६६ पासून आयबीएम कंपनीने रॉकवेल व कॅटरपिलर यांच्या साहाय्याने त्यासाठी एक संगणकीय व्यवस्था रचली आणि ऑगस्ट १९६८ मध्ये कॅलिफोर्नियातील डाउनी येथे ती प्रथम चालू झाली. पुढे आयएमएस या नावाने ती प्रसिद्धीस आली.

तिची घडण वंशवृक्षासारखी होती. अग्निबाणाच्या पोटी टप्पे, टप्प्याच्या पोटी यंत्रे, यंत्राच्या पोटी खिळे आणि मळसूत्रे. वरून खाली उतरणाऱ्यास ही रचना फार सोयीची. पण प्रश्न उलटा केला, म्हणजे अमुक एक मळसूत्र कोणकोणत्या यंत्रांत बसविले आहे असे विचारले, की पंचाईत होई. वंशवृक्षात प्रत्येकाला पिता एकच. मळसूत्राला मात्र शंभर.

जनरल इलेक्ट्रिक कंपनीत चार्ल्स बॅकमन यांनी याच दशकाच्या आरंभी निराळी तोड काढली होती. नोंदी साखळ्यांनी एकमेकींशी जोडाव्यात, एकच नोंद अनेक साखळ्यांत असावी, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने एकीवरून दुसरीवर जात इष्ट स्थळी पोहोचावे, अशी ती कल्पना. १९७३ साली त्यांना ट्युरिंग पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांनी आपल्या व्याख्यानाला ‘प्रोग्रॅमर हा नावाडी’ अशा अर्थाचे शीर्षक दिले. आज संकेतस्थळावरील वाटांच्या मांडणीलाही आपण ‘नॅव्हिगेशन’च म्हणतो. परंतु बॅकमन यांचा नावाडी हा तुमच्याआमच्यासारखा वाचक नव्हता. तो यंत्राच्या पोटातील वाटा जाणणारा तज्ज्ञ होता.

हा नावाडीच नको, असे म्हणणारा एक गृहस्थ तेव्हा होता. एडगर कॉड हे महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होते आणि नंतर आयबीएममध्ये संशोधक झाले. मार्गदर्शकावाचून चालेल असे एका वैमानिकाने म्हणावे, यात थोडी गंमत आहे खरी. जून १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी असे प्रतिपादन केले की, माहिती साध्या कोष्टकांत ठेवावी आणि तिच्याकडे जाण्याच्या वाटा साठवणुकीत कोरून ठेवू नयेत. दोन कोष्टकांचे नाते जुळावे ते दोहोंत असलेल्या समान मूल्यावरून. वाट बदलली म्हणून प्रोग्रॅम मोडता कामा नये, हा त्यांचा आग्रह होता. १९७४ साली ॲन आर्बर येथे बॅकमन व कॉड यांच्या पक्षांत समोरासमोर वादविवाद झाला. त्याच वर्षी चेंबरलिन व बॉइस यांनी कॉड यांच्या तत्त्वावर एक प्रश्नभाषा मांडली. तीच आजची एसक्यूएल. व्यवहारात जय कोष्टकांचा झाला.

मग वाटा गेल्या कोठे? त्या पडद्यावर आल्या. कोष्टकाला वर-खाली काही नसते. पण हजारो गावांची नावे एकदम पुढे ओतली तर वाचकाने करावे काय? म्हणून संकेतस्थळ त्याला राज्य, जिल्हा, तालुका, गाव असे पायरीपायरीने उतरविते. तालुक्याच्या प्रत्येक ओळीत तिच्या जिल्ह्याचा क्रमांक लिहिलेला असतो. वाचकाने जिल्हा निवडला की तोच क्रमांक असलेले तेवढे तालुके पुढे येतात. जुना वृक्षच हा, पण तो साठविलेला नसून मागताक्षणी नात्यांतून उभा राहिलेला असतो. नावाडी आता वाचक झाला.

पायऱ्या किती, हाही प्रश्नच आहे. कर्नाटकात तालुका आणि गाव यांच्यामध्ये होबळी येते. महाराष्ट्रात सातबारा पाहताना तशी पायरी लागत नाही. चार पायऱ्या गृहीत धरून बांधलेली शिडी पाचवीला अडते. म्हणून पुष्कळ जण सर्व स्थळे एकाच कोष्टकात ठेवतात आणि प्रत्येकासमोर त्याच्या वरच्या स्थळाचा क्रमांक लिहितात. अशी कितीही खोल शिडी एकाच प्रश्नात उतरण्याची सोय एसक्यूएलच्या प्रमाणात १९९९ साली आली.

तथापि खरी कसोटी निराळीच आहे, आणि बेळगावकर श्रोत्यांना ती निराळी सांगावयास नको. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. त्यातला चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यातच राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. बाकीच्या बेळगावने जिल्हा राखला आणि राज्य बदलले. चंदगडने राज्य राखले आणि जिल्हा बदलला. १९६० साली ते मुंबई राज्यही उरले नाही.

आता एखाद्या नातवाजवळ आजोबांचा शाळेचा दाखला आहे, आणि त्यावर ‘तालुका चंदगड, जिल्हा बेळगाव’ असे लिहिले आहे. तो पडद्यावर महाराष्ट्र निवडतो, तर जिल्ह्यांत बेळगाव नाही. कर्नाटक निवडून बेळगाव उघडतो, तर तालुक्यांत चंदगड नाही. दाखला खरा आणि यादीही खरी, तरी गाव सापडत नाही. तालुक्याच्या ओळीत एकाच जिल्ह्याचा क्रमांक ठेवला, की हे असे व्हावयाचेच. मळसूत्राची ती जुनी पंचाईत येथे पुन्हा भेटते.

यावरचा उपाय कॉड यांच्या विचारातच आहे. तालुका आणि जिल्हा यांचे नाते वेगळ्या कोष्टकात लिहावे आणि त्यापुढे ‘केव्हापासून’ व ‘केव्हापर्यंत’ अशा दोन तारखा घालाव्यात. चंदगडच्या दोन ओळी होतील: एक ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंतची, बेळगावची, दुसरी त्यापुढची, कोल्हापूरची. नातवाने प्रथम साल निवडावे आणि मग उतरू लागावे. १९५० निवडले की मुंबई राज्य, बेळगाव, चंदगड या वाटेने तो गावापर्यंत पोहोचेल, आणि तेथून आजच्या कोल्हापूर जिल्ह्यातील कोणत्या कचेरीत अर्ज करावयाचा, हेही त्याच पानावर त्याला दिसेल.