खोट्या चिलखताचा खरा इतिहास

चिलखत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पोलादी कड्यांचा अंगरखा, ढाल, तलवार असे काहीतरी उभे राहते. वस्तुसंग्रहालयात काचेआड ठेवलेले ते जड ओझे पाहून आपण म्हणतो, हे अंगावर घेऊन माणसे लढली तरी कशी! आज ज्या चिलखताविषयी बोलायचे आहे ते मात्र कोणत्याही लढाईत गेले नाही. त्याने एकही वार अडवला नाही, आणि त्याला तो अडवताही आला नसता. कारण ते प्लॅस्टिकचे आहे. एका चित्रपटासाठी, थोड्या दिवसांपुरते, घाईने ते केले गेले. तरीही देशोदेशीची माणसे त्याची हुबेहूब प्रतिकृती करण्यासाठी आज रात्री जागवतात, आणि त्याच्या हक्कावरून ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला गेला. अशा वस्तूला इतिहास असतो का? असतो. आणि शाळेत इतिहास शिकवणाऱ्याने ध्यानात घ्यावे असे त्यात पुष्कळ आहे.

प्रथम चित्रपटाविषयी दोन शब्द. ‘स्टार वॉर्स’ हा जॉर्ज लुकास यांचा चित्रपट २५ मे १९७७ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. दूरच्या कुठल्याशा आकाशगंगेत एक जुलमी साम्राज्य आहे आणि त्याच्याविरुद्ध मूठभर लोकांनी बंड केले आहे, अशी ती कथा. साम्राज्याच्या शिपायांना स्टॉर्मट्रूपर म्हणतात. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे चिलखत, चेहरा पूर्ण झाकणारे शिरस्त्राण, आत काळे कपडे. माणूस दिसतच नाही. दिसते ती फक्त सत्ता. आपल्याकडे सोंगाला मुखवटा चढला की आतला शेजारचा गणपत नाहीसा होतो आणि राक्षस उभा राहतो, तसाच हा प्रकार.

हे चिलखत कुणी केले? येथेच इतिहासाला सुरुवात होते, कारण या प्रश्नाला एका नावाचे उत्तर नाही. कल्पना लुकास यांची. तिला रूप दिले चित्रकार राल्फ मॅक्वारी यांनी रंगवलेल्या चित्रांनी. छातीपाठीच्या भागांचे नमुने चिकणमातीत घडवण्याचे काम ब्रायन म्यूर या शिल्पकाराच्या हातून झाले. चित्रपटातील खलनायक डार्थ व्हेडर याचा काळा मुखवटाही त्यांचाच. शिरस्त्राणाचा मातीचा नमुना निक पेम्बर्टन या कलावंताने केला, असे पुढे न्यायालयाने पुराव्यावरून मान्य केले. त्या नमुन्यावरून प्लॅस्टिकची शिरस्त्राणे काढून दिली ती अँड्र्यू एन्सवर्थ या कारागिराने. लुकास यांनी नमुना पसंत केल्यावर त्याने अशी ५० शिरस्त्राणे तयार केली.

आणि या सर्व वेषभूषेची जबाबदारी होती जॉन मोलो यांच्यावर. हे गृहस्थ मुळात इतिहासाचे अभ्यासक. निरनिराळ्या देशांच्या सैन्यांचे गणवेश हा त्यांचा विषय. त्यावर त्यांनी ग्रंथ लिहिले होते. ‘स्टार वॉर्स’च्या वेषभूषेसाठी त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले. याच मोलोंना दुसरे ऑस्कर मिळाले ते १९८२ च्या ‘गांधी’ चित्रपटासाठी, आणि ते त्यांनी वाटून घेतले आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांच्याबरोबर. ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय त्या ह्याच. अंतराळातल्या शिपायाचे चिलखत आणि महात्माजींची खादी यांच्यामागे एकच माणूस असावा, ही गंमत खरी. पण तीत अर्थही आहे. वेष खोटा असला तरी तो खरा वाटायचा असेल, तर खऱ्या वेषांचा अभ्यास असलेला माणूस लागतो.

आता ते केले कसे, ते पाहू. पद्धत सोपी आहे. मातीच्या नमुन्यावरून टणक साचा काढायचा. प्लॅस्टिकचा पत्रा चौकटीत धरून तापवायचा, म्हणजे तो तव्यावरून नुकत्याच काढलेल्या पोळीसारखा लुळा होतो. मग तो साच्यावर पसरायचा आणि खालून यंत्राने हवा ओढून घ्यायची. पत्रा साच्याला घट्ट चिकटतो, निवतो, आणि साच्याचा आकार धरून बसतो. मग कडेचा जादा भाग कापून टाकायचा. काम स्वस्त आणि झटपट. शिरस्त्राण पुढचा आणि मागचा अशा दोन भागांत निघे. ते जोडले की दोन्ही बाजूंना सांधा दिसे. तो झाकण्यासाठी त्यावर कानाच्या जागी एकेक तुकडा स्क्रूने बसवला. आपण ज्याला त्या शिपायाच्या यंत्राचा गहन भाग समजतो, ते मूळचे सांधा लपवण्यासाठी लावलेले ठिगळ आहे!

घाईच्या खुणा सगळीकडे आहेत. शिरस्त्राणाचे दोन डोळे सारखे नाहीत. डावी-उजवी बाजू जुळत नाही. गालाजवळच्या निळ्या रेघा हाताने रंगवलेल्या, म्हणून एका शिरस्त्राणावर त्या जितक्या तितक्याच दुसऱ्यावर असतील असे नाही. पायात बाजारात मिळणारे बूट, पांढरा रंग दिलेले. हातातली बंदूक म्हणजे ब्रिटिश सैन्यातली स्टर्लिंग कार्बाइन, वर चार तुकडे चिकटवलेली. हीच कार्बाइन परवाना घेऊन कानपूरच्या कारखान्यात बनत असे, आणि आपल्याकडच्या पोलिसांच्या हातात ती अनेकांनी पाहिलेली आहे. शिरस्त्राण घातले की समोरचे नीट दिसत नसे. चित्रपटात एक शिपाई आत येता येता दाराच्या वरच्या कडेवर डोके आपटून घेतो. ते दृश्य तसेच राहून गेले. आणि २००४ साली चित्रपटाची नवी आवृत्ती निघाली तेव्हा लुकास यांनी त्या जागी ‘ठक्’ असा आवाजही घातला. चूक झाकली नाही, तिला मान दिला.

चित्रीकरण संपले, म्हणजे या वस्तूंचे काम संपले. कुणी त्या जपून ठेवाव्यात असा विचार त्या वेळी फारसा नव्हता. पण चित्रपटाला मिळालेले यश अफाट होते, आणि पडद्यावर पाहिलेले चिलखत आपल्या अंगावर असावे असे वाटणारी माणसे निघाली. त्यांतले एक अमेरिकेतील साउथ कॅरोलिना राज्याचे आल्बिन जॉन्सन. मोटारीच्या अपघातापायी त्यांना एक पाय गमवावा लागला होता. त्यांनी हे चिलखत मिळवून अंगावर चढवले, आणि १९९७ साली ‘फाइव्ह हंड्रेड फर्स्ट लीजन’, म्हणजे ५०१ वी पलटण, या नावाची मंडळी स्थापन केली. आज तिचे सभासद अनेक देशांत आहेत. रुग्णालयांतील मुलांना भेटणे, चांगल्या कामासाठी निधी गोळा करणे, ही त्यांची कामे. हजेरीबद्दल स्वतःसाठी पैसा घ्यायचा नाही, हा नियम. १ जानेवारी २००७ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसाडिना गावी निघालेल्या प्रसिद्ध मिरवणुकीचे अग्रणी लुकास होते, आणि त्यांच्याबरोबर हे सुमारे २०० पांढरे शिपाई जवळजवळ ९ किलोमीटर चालले.

पण सभासद होणे सोपे नाही. आपले चिलखत आपण उभे करायचे, त्याची छायाचित्रे पाठवायची, आणि तपासणाऱ्यांनी ते मंजूर करायचे. प्रत्येक वेषासाठी एक तपशीलवार यादी आहे. कोणता भाग कसा, कुठे किती अंतर, कुठला रंग, सारे लिहिलेले. पहिली पायरी पार झाली तरी पुढे आणखी कडक पायऱ्या आहेत.

एखादा हौशी गृहस्थ कामाला लागतो, तेव्हा काय करतो? त्याच्याकडे साच्यातून निघालेल्या पांढऱ्या तुकड्यांची पेटी येते. तुकडे कडेने कापायचे, पण बेताने. एकदा जास्त कापले की परत जोडता येत नाही. हाताचा आणि पायाचा प्रत्येक भाग दोन अर्ध्या नळ्यांचा. त्यांच्या कडा एकमेकींना भिडवून वरून त्याच प्लॅस्टिकची पट्टी चिकटवायची, कारण मूळ चिलखतात तसेच केले होते. चिकटवलेला भाग चिमटे आणि लोहचुंबक लावून रात्रभर तसाच ठेवायचा. फट राहिली तर त्याच प्लॅस्टिकचा चुरा ॲसिटोनमध्ये विरघळवून लांबी करायची, ती भरायची आणि पॉलिशपेपरने घासायची. मग अंगावर धरून पाहायचे, पुन्हा कापायचे. आतून इलॅस्टिक आणि टिचबटणे. शेवटी बारीक कुंचल्याने त्या निळ्या रेघा. हल्ली काहीजण संगणकाच्या साहाय्याने थरावर थर चढवून छापणाऱ्या यंत्रातून भाग काढतात. पण त्या थरांच्या रेघा घालवण्यासाठी घासकाम आहेच. हात चुकत नाही.

आणि आता मुख्य मुद्दा. हे लोक डोळे सारखे करीत नाहीत. वाकड्या रेघा सरळ करीत नाहीत. कानाचे ठिगळ ठिगळच ठेवतात. आपल्याकडे पोथ्या उतरणाऱ्या लेखकावरून एक म्हण पडली आहे: मक्षिकास्थाने मक्षिका. मूळ पोथीत माशी चिकटलेली, म्हणून नकलेतही त्याने माशी काढली! आपण ती म्हण हसण्यासाठी वापरतो. पण थोडे थांबून विचार करा. माशी काढणारा नकलकार बावळट असेल, पण मूळ पोथीवर माशी होती, हे त्याच्यामुळेच आपल्याला कळते. जो शहाणा नकलकार मूळ ‘सुधारतो’, तो पुरावा पुसून टाकतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा शेकडो हस्तलिखिते ताडून पाहिली. सारख्या चुका असलेल्या पोथ्या एका कुळातल्या, हे अशा कामाचे एक साधन असते. चिलखताचे हौशी लोकही नेमके तेच करतात. प्लॅस्टिकवर उठलेल्या एखाद्या बारीक फोडावरून हा तुकडा कोणत्या साच्याच्या वंशातला, हे ते ओळखतात. चित्रपटाची एकेक चौकट थांबवून, जुनी छायाचित्रे ताडून ते ठरवतात की येथे पट्टी होती की नव्हती. पदवी नसेल, पद्धत इतिहासकाराची आहे.

पुराव्याला किती महत्त्व असते, हे खटल्यातही दिसले. २००४ च्या सुमारास एन्सवर्थ यांनी शिरस्त्राणांच्या प्रतिकृती विकायला काढल्या. लुकास यांच्या कंपनीने दावा लावला. अमेरिकेत २००६ साली २ कोटी डॉलरचा निकाल कंपनीच्या बाजूने लागला. पण एन्सवर्थ राहत होते इंग्लंडात, आणि तेथील न्यायालयाने तो निकाल अमलात आणण्यास नकार दिला. एन्सवर्थ यांचे म्हणणे होते की रूप आपणच दिले. न्यायाधीशांनी चित्रे, नमुने आणि साक्षी पाहून ते मानले नाही. रूप मॅक्वारींच्या चित्रांतून आणि पेम्बर्टन यांच्या नमुन्यातून आले, असे ठरवले. पण मग प्रश्न उभा राहिला तो निराळाच: हे शिरस्त्राण म्हणजे शिल्प आहे काय? शिल्प असेल, तर त्याला कायद्याचे दीर्घ संरक्षण. नसेल, तर थोड्या वर्षांचे, आणि ती मुदत उलटून गेलेली.

२७ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ते शिल्प नव्हे. कलाकृती म्हणजे तो चित्रपट. शिरस्त्राण हे चित्रपट करण्याच्या कामातले एक उपयोगी साधन. त्याच वेळी न्यायालयाने हेही सांगितले की अमेरिकेतील हक्काचा भंग झाला असेल, तर त्याचा दावा इंग्लंडमध्ये चालू शकतो. थोडक्यात, कारागिराचा ‘मी घडवले’ हा दावा टिकला नाही, पण कंपनीचा ‘हे शिल्प आहे’ हा दावाही टिकला नाही. मोठ्या नावाच्या भारापुढे न्यायालय वाकले नाही, आणि लहान माणसाच्या कैवारापायी पुराव्याकडे त्याने डोळेझाकही केली नाही.

याचा शेवट मोठा मौजेचा आहे. २०१९ साली ‘द मँडलोरियन’ या मालिकेचे चित्रीकरण चालू होते. तीही ‘स्टार वॉर्स’च्याच जगातली. एका प्रसंगाला पुष्कळ पांढरे शिपाई हवे होते, आणि निर्मात्यांकडे तितकी चिलखते नव्हती. तेव्हा त्यांनी ५०१ व्या पलटणीच्या सभासदांना बोलावले. ते आपापली, घरी घासूनपुसून केलेली चिलखते घालून आले आणि पडद्यावर उभे राहिले. पडद्यावरून घेतलेली नक्कल पडद्यावर परत गेली! तिच्यातले ठिगळ आणि वाकडी रेघ जशीच्या तशी होती, म्हणूनच ती चालली. कुणी ‘सुधारून’ केली असती, तर ती सुंदर दिसली असती, पण परत बोलावली गेली नसती.

शिक्षक बंधुभगिनींना एवढेच सुचवावेसे वाटते. स्नेहसंमेलनात मुले पुठ्ठ्याची ढाल आणि चांदीच्या कागदाचे चिलखत करतात. ते जरूर करू द्यावे. फक्त सोबत एक प्रश्न विचारावा: “बाळ, हे असे होते, हे तुला कशावरून कळले?” मूल एखाद्या चित्राकडे, एखाद्या वस्तूकडे, एखाद्या पुस्तकाच्या पानाकडे बोट दाखवील. ते चित्र कुणी, केव्हा काढले, हा पुढचा प्रश्न. अशा दोन प्रश्नांवर पुठ्ठ्याची ढालसुद्धा इतिहासाचा चांगला तास घेऊ शकते.