कोंडलेली हवा

फेब्रुवारी १७८३. तुम्ही पॅरिसमध्ये, रसायनशास्त्रज्ञ लावाझिएच्या प्रयोगशाळेत उभे आहात. इथे थंडीने तुमची बोटं आखडली आहेत, पण शेगडी मागू नका. खोलीत ऊब आली की सगळं मुसळ केरात. तारेच्या पिंजऱ्यात गिनीपिग, त्याच्याभोवती बर्फ, आणि बाहेरची उष्णता आत शिरू नये म्हणून त्याभोवती बर्फाचा आणखी एक थर. खालच्या तोटीतून पाणी ठिबकतंय. दहा तासांनी लावाझिएचा जोडीदार लाप्लास वजन करतो: १३ औंस बर्फ वितळला.

दुसऱ्या खेपेला गिनीपिग काचेच्या हंडीखाली, पाऱ्याने बंद केलेल्या हवेत. श्वासातून त्याने जेवढा वायू सोडला, तेवढा कोळसा जाळून मिळवला तर साधारण साडेदहा औंस बर्फ वितळेल. हिशेब तंतोतंत जुळत नाही, पण दोघांना कळायचं ते कळतं: श्वास म्हणजे संथ जळणं.

आता १७९०. त्याच माणसाकडे, पण या वेळी गिनीपिगच्या जागी सेगाँ नावाचा सहकारी, तोंडावर मुखवटा, पाय पायट्यावर. कोपऱ्यातल्या टेबलाशी मादाम लावाझिए नोंदी घेताहेत. पुढे या प्रसंगाचं चित्रही त्याच काढतील, आणि त्यात स्वतःलाही बसवतील. त्यांच्या खांद्यावरून आकडे वाचा. उपाशीपोटी स्वस्थ बसलेला सेगाँ तासाला सुमारे २४ लिटर ऑक्सिजन घेतो. थंडीत २७. जेवल्यावर ३८. उपाशीपोटी पायटा मारताना ६३, आणि जेवून मारताना ९१. आज व्यायामशाळेत घामाघूम होणाऱ्यांना जे सांगतात, त्याचा पाया या कागदावर आहे. चार वर्षांनी लावाझिएला गिलोटिनखाली घालतील. तिथे थांबू नका.

थेट विसाव्या शतकात, लोणावळ्यात उतरा. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली काढलेली कैवल्यधाम ही योगसंस्था. प्राणायामाने ऑक्सिजनचा साठा वाढतो हे तुम्ही ऐकून आला असाल. स्वामी ते उडवून लावतात. मोल ऑक्सिजनात नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि बोलून न थांबता ते मोजायला बसतात. १९६८ साली इथलेच करंबेळकर, विनेकर आणि भोळे हवाबंद खड्ड्यात माणसं बसवून केलेल्या अभ्यासाचा निबंध छापतात. त्या खड्ड्यात तुम्ही उतरलात तर एक गोष्ट अंगावर येईल. ऑक्सिजन संपण्याच्या बऱ्याच आधी तुम्हाला धाप लागते, ती साठत चाललेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे.

हंडी, मुखवटा, खड्डा: श्वास मोजायचा तर हवा कोंडावी लागते. आणि आता तुम्ही गोव्यात, मोरजीच्या तेंबवाड्याच्या किनाऱ्यावर आहात, शापोरा नदीच्या मुखाशी, यंदाच्या फेब्रुवारीत. इथे तो खड्डा कासविणीने स्वतः खणला आहे. वाळूखाली हातभरावर ऑलिव्ह रिडलेची शंभरेक अंडी, चामड्यासारख्या मऊ कवचाची. यंत्र नाही, मुखवटा नाही. अंड्यातला जीव कवचातून ऑक्सिजन ओढतो, आणि तो वाळूच्या कणांमधल्या फटींतून झिरपत येतो. पहिले काही आठवडे मागणी नगण्य. पिल्लं वाढली की शेवटच्या दिवसांत शंभर जणांची भूक एकदम वाढते, घरट्यातला ऑक्सिजन उतरतो, कार्बन डायऑक्साइड चढतो. राल्फ अॅकरमन यांनी १९७०-८०च्या सुमारास दुसऱ्या जातींच्या समुद्री कासवांच्या अंड्यांवर हेच तपासलं: हवेची देवाणघेवाण रोडावली की भ्रूण हळू वाढतात आणि जास्त मरतात.

पूर्वी इथली अंडी उकरून खाल्ली जात. १९९०च्या दशकात गावकरी आणि वनखातं राखणीला उभे राहिले, आणि आज घरट्याभोवती जाळी लागते. पण जाळी माणसाला अडवते, दाबलेली वाळू सैल करत नाही. गाडीचं चाक वरून गेलं किंवा शॅकच्या खुर्च्यांची रांग वर मांडली की वाळूतल्या त्या फटी आवळू शकतात, आणि खालच्यांना ओरडून सांगता येत नाही. म्हणून नोव्हेंबर ते एप्रिल तेंबवाड्यावर गेलात तर ओल्या वाळूवरून चाला, वरची कोरडी वाळू मोकळी सोडा, आणि गाडी रस्त्यावरच ठेवा.