तीन घरे, एक परसदार : ‘बिग लव्ह’ आणि मॉर्मन बहुपत्नीत्वाचा इतिहास

१२ मार्च २००६ रोजी अमेरिकेतील एचबीओ वाहिनीवर ‘बिग लव्ह’ ही मालिका सुरू झाली आणि पाच पर्वांनंतर मार्च २०११ मध्ये संपली. सॉल्ट लेक सिटीच्या उपनगरात राहणारा दुकानदार बिल हेनरिकसन, त्याच्या तीन पत्नी बार्ब, निकी व मार्जीन आणि त्यांची मुले यांची ही कथा. रस्त्यावरून पाहणाऱ्याला तेथे तीन स्वतंत्र घरे दिसतात. मागच्या बाजूस मात्र कुंपणे नाहीत, तिन्ही घरांचे परसदार एकच आहे. कायद्याच्या दृष्टीने बार्ब ही एकटीच पत्नी. उरलेल्या दोघी जगासाठी केवळ शेजारणी.

पहिल्या भागाच्या अखेरीस पडद्यावर एक निवेदन येते. मॉर्मन चर्चने बहुपत्नीत्व १८९० मध्येच अधिकृतपणे बंद केले, असे त्यात म्हटले आहे. निवेदन खरे आहे. मग ११६ वर्षांनंतर हे परसदार आले कोठून? पुष्कळ प्रेक्षकांनी त्याचे उत्तर बिलच्या श्रद्धेत शोधले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र आधी घराच्या रचनेकडे पाहावे. समोरून तीन दारे आणि मागून एक अंगण ही रचना धर्माने सांगितलेली नाही. ती कायद्याने घडवलेली आहे.

मॉर्मन पंथाची स्थापना जोसेफ स्मिथ याने १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात केली. बहुपत्नीत्वासंबंधीचा ईश्वरी आदेश त्याने जुलै १८४३ मध्ये लिहवून घेतला, पण तो निवडक अनुयायांपुरताच ठेवला. जून १८४४ मध्ये इलिनॉय राज्यातील नॉवू या मॉर्मन नगरात असंतुष्ट अनुयायांनी वृत्तपत्र काढून हे गुपित फोडले. नगराध्यक्ष असलेल्या स्मिथच्या आज्ञेने तो छापखाना उद्ध्वस्त करण्यात आला, त्यातून त्याला अटक झाली आणि २७ जून रोजी जमावाने तुरुंगात घुसून त्याची हत्या केली. त्यानंतर ब्रिगहम यंगच्या नेतृत्वाखाली अनुयायी पश्चिमेकडे निघाले व जुलै १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचले. तेथे आपलीच सत्ता असल्याने गुप्ततेची गरज उरली नाही. १८५२ मध्ये या विवाहपद्धतीची जाहीर घोषणा झाली.

पुढची सुमारे तीन दशके युटा प्रदेशात सवत ही लपवण्याची गोष्ट नव्हती.

अमेरिकेच्या उर्वरित भागाला हे सहन होणे शक्यच नव्हते. १८५६ मध्ये नव्या रिपब्लिकन पक्षाने गुलामगिरी आणि बहुपत्नीत्व यांना रानटीपणाचे जुळे अवशेष ठरवले. १८६२ मध्ये पहिला केंद्रीय कायदा झाला, पण तो कागदावरच राहिला, कारण मॉर्मन ज्यूरी मॉर्मन पतीला दोषी ठरवत नसे. शेवटी यंगचा सचिव जॉर्ज रेनल्ड्स याचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८७९ मध्ये निकाल लागला. श्रद्धा मुक्त आहे, आचरण नाही, हे त्याचे सार होते. सरन्यायाधीश मॉरिसन वेट यांनी बहुपत्नीत्व हे उत्तर व पश्चिम युरोपातील राष्ट्रांना नेहमीच घृणास्पद वाटलेले, जवळजवळ केवळ आशियाई व आफ्रिकी लोकांचे लक्षण असल्याचे नमूद केले. पतीच्या चितेवर जाळून घेणे हे एखादी स्त्री आपले धर्मकर्तव्य मानू लागली, तर शासनाने तिला रोखायचे नाही काय, असाही प्रश्न त्यांनी विचारला. युटातील गोऱ्या ख्रिस्ती माणसाला तुरुंगात धाडताना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला दाखल्यासाठी सती आठवली, हे विशेषच.

या निकालपरंपरेचा उलटा प्रवासही झाला. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये हिंदूंच्या द्विभार्या विवाहांना प्रतिबंध करणारा कायदा केला. राज्यघटना लागू झाल्यावर त्याच्या वैधतेला आव्हान दिले गेले आणि १९५१ मध्ये ‘मुंबई राज्य विरुद्ध नरसू आप्पा माळी’ या खटल्यात न्या. छागला व न्या. गजेंद्रगडकर यांनी तो कायदा वैध ठरवला. श्रद्धा आणि आचरण यांतील भेद स्पष्ट करताना छागलांनी आधार घेतला तो १८९० च्या ‘डेव्हिस विरुद्ध बीसन’ या अमेरिकी निकालाचा, म्हणजे पुन्हा मॉर्मनांच्याच खटल्याचा. त्या खटल्यात सॅम्युएल डेव्हिसवर दुसरी पत्नी केल्याचा आरोप नव्हता. बहुपत्नीत्वाची शिकवण देणाऱ्या संघटनेचे आपण सदस्य नाही, अशी शपथ आयडाहो प्रदेशातील मतदाराला घ्यावी लागे, आणि ती खोटी घेतल्याचा ठपका त्याच्यावर होता. श्रद्धा मुक्त असल्याचे तत्त्व उच्चारणाऱ्या या निकालाने निव्वळ सदस्यत्वासाठी मताधिकार नाकारणे योग्य मानले, ही त्यातली विसंगती मुंबईच्या निकालाला बाधक नव्हती, पण दुर्लक्षणीयही नाही.

मुख्य कथानक मात्र १८८२ च्या एडमंड्स कायद्यापाशी आहे. मॉर्मन विवाह मंदिराच्या आत, बाहेरच्यांच्या दृष्टीआड होत असल्याने दुसरा विवाह झाला हे सिद्ध करणे कठीण जाई. म्हणून नव्या कायद्याने ‘बेकायदेशीर सहवास’ हा वेगळा गुन्हा निर्माण केला. शिक्षा होती सहा महिन्यांपर्यंत कैद व तीनशे डॉलरपर्यंत दंड. सहवास म्हणजे नेमके काय? याचे उत्तर १८८५ मध्ये अँगस कॅनन या चर्चमधील वरिष्ठ अधिकाऱ्याच्या खटल्यात मिळाले. तो दोन पत्नींसह एकाच घरात राही व दोघींकडे जेवायला असे. शरीरसंबंधाचा पुरावा आवश्यक नाही, दोन स्त्रियांना जगासमोर पत्नी म्हणून वागवणे एवढे पुरे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले.

म्हणजे गुन्हा ठरला तो दिसण्याचा. पंगतीला कोण बसते, कोणाच्या दारातून कोण बाहेर पडते, कोणत्या मुलाचा बाप कोण, हे सारे पुरावे झाले. कुटुंबांनी पाहणाऱ्याला दिसू नये असे जगणे शिकून घेतले. निरनिराळी घरे, खोटी नावे, रातोरात हलवलेल्या गरोदर स्त्रिया. चर्चचा अध्यक्ष जॉन टेलर १८८७ मध्ये भूमिगत असतानाच मरण पावला. हेनरिकसनांच्या तीन दारांचा उगम या दशकात आहे.

याची सर्वाधिक किंमत स्त्रियांनी मोजली. युटातील स्त्रियांना फेब्रुवारी १८७० मध्येच मताधिकार मिळाला होता, उर्वरित अमेरिकेतील बहुसंख्य स्त्रियांच्या अर्धे शतक आधी. मत मिळाले की या स्त्रिया आपणहून बहुपत्नीत्व उलथवतील, अशी पूर्वेकडील अनेक सुधारकांची अपेक्षा होती. तसे घडले नाही. उलट त्याच वर्षी हजारो मॉर्मन स्त्रियांनी सभा भरवून केंद्राच्या हस्तक्षेपाचा निषेध केला होता. त्यांना दास्याची जाणीव नव्हती म्हणावे, तर त्याच समाजातील अ‍ॅन एलायझा यंगने ब्रिगहम यंगवर घटस्फोटाचा दावा लावून देशभर व्याख्याने दिली. दोन्ही आवाज स्त्रियांचेच होते, आणि वॉशिंग्टनला त्यातला एकच ऐकायचा होता. १८८७ च्या एडमंड्स-टकर कायद्याने चर्चची मालमत्ता जप्त करण्याची तरतूद केली, पतीविरुद्ध पत्नीची साक्ष ग्राह्य धरली आणि युटातील सर्व स्त्रियांचा, एकपत्नी घरातल्यांचाही, मताधिकार काढून घेतला. स्त्रियांच्या मुक्तीसाठी म्हणून झालेल्या कायद्यात हे कलम होते.

याच अँगस कॅननची चौथी पत्नी मार्था ह्यूज कॅनन. वेल्समध्ये जन्मलेली मार्था १८८० मध्ये मिशिगन विद्यापीठातून डॉक्टर झाली आणि १८८४ मध्ये तिने अँगसशी गुप्तपणे विवाह केला. तिला मूल झाले, म्हणजे पतीविरुद्ध पुरावा जन्मला. शिवाय ज्या मॉर्मन स्त्रियांची बाळंतपणे तिने केली होती, त्यांच्या पतींविरुद्धही तिला साक्षीला उभे करता आले असते. १८८६ मध्ये तान्ह्या मुलीला घेऊन ती युरोपात गेली आणि सुमारे दोन वर्षे तेथेच राहिली.

मे १८९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चर्चच्या मालमत्तेची जप्ती वैध ठरवली. सप्टेंबरमध्ये अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनी जाहीरनामा काढून अनुयायांना देशाच्या कायद्याविरुद्ध विवाह न करण्याचा सल्ला दिला. १८९६ मध्ये युटा राज्य झाले. त्याच्या घटनेत बहुपत्नीत्वावर कायमची बंदी आली आणि स्त्रियांचा मताधिकार परतला. त्याच नोव्हेंबरात राज्याच्या सिनेटसाठी मार्था डेमोक्रॅटिक पक्षातर्फे उभी राहिली. रिपब्लिकन उमेदवारांत खुद्द तिचा पती होता. ती निवडून आली, तो पडला. अमेरिकेतील पहिली स्त्री राज्य सिनेटर ही एका बहुपत्नीक पुरुषाची चौथी पत्नी होती. १८९९ मध्ये पदावर असताना तिला तिसरे अपत्य झाले, जाहीरनाम्यानंतरही सहवास चालू असल्याचे उघड झाले आणि तिची राजकीय कारकीर्द आटोपली. ‘बिग लव्ह’मध्ये बिल हेनरिकसन युटाच्या सिनेटवर निवडून येतो, ते कथानक अनेकांना अतिरंजित वाटले. प्रत्यक्ष इतिहास त्याहून धीट निघाला.

जाहीरनाम्याने प्रथा एका दिवसात संपली नाही. १९०४ मध्ये चर्चला दुसरा, अधिक कठोर जाहीरनामा काढावा लागला. ज्यांना ही माघार मान्य नव्हती ते फुटले आणि त्यांच्यापैकी काहींनी अ‍ॅरिझोना-युटा सीमेवरील शॉर्ट क्रीक येथे वस्ती केली. १९४२ मध्ये त्यांनी ‘युनायटेड एफर्ट प्लॅन’ हा न्यास स्थापला. जमीन व घरे न्यासाची, म्हणून पंथातून काढलेला माणूस घराबाहेरही पडे. मालिकेतील जुनिपर क्रीक ही वसाहत आणि तिचा ‘प्रेषित’ रोमन ग्रँट, निकीचा बाप, याच मातीतून आले आहेत.

२६ जुलै १९५३ च्या पहाटे अ‍ॅरिझोनाचे राज्यपाल हॉवर्ड पाइल यांच्या आदेशाने शॉर्ट क्रीकवर छापा पडला. २६३ मुले ताब्यात घेण्यात आली, आणि त्यांपैकी काही दोन वर्षांपर्यंत घरापासून दूर राहिली. वार्ताहर मुद्दाम सोबत नेले होते, पण आयांपासून तोडलेल्या मुलांची छायाचित्रे छापून येताच जनमत उलटले. पुढच्या वर्षी पाइल निवडणूक हरले. त्यानंतर जवळपास अर्धशतक कोणत्याही राजकारण्याने त्या वस्तीला हात लावला नाही, आणि त्या निर्धास्त काळोखात वॉरन जेफ्स वाढला. मालिका सुरू झाली त्याच वर्षी, ऑगस्ट २००६ मध्ये, तो पकडला गेला. २०११ मध्ये टेक्सासमधील न्यायालयाने अल्पवयीन मुलींवरील लैंगिक अत्याचारांबद्दल त्याला जन्मठेप दिली. जी गुप्तता प्रौढ स्त्रियांना तुरुंगाधिकाऱ्यांपासून वाचवत होती, तिनेच या मुलींची हाक बाहेर पोहोचू दिली नाही. मालिकेला हे ठाऊक आहे. हेनरिकसनांचे परसदार तिने उबदार रंगवले, जुनिपर क्रीक मात्र नाही.

२०२० मध्ये युटाने संमतीने राहणाऱ्या प्रौढांचे बहुपत्नीत्व किरकोळ नियमभंगाच्या पातळीवर आणले. बळजबरी, फसवणूक किंवा अत्याचार असल्यास तो गंभीर गुन्हाच राहिला. आपल्यावर खटला भरला जाईल या भयाने पीडित स्त्रिया पोलिसांकडे जात नाहीत, हा समर्थकांचा मुख्य युक्तिवाद होता. डिसेंबर २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये युटा राज्यातर्फे मार्था ह्यूज कॅननचा पुतळा बसवण्यात आला. तिचे मत काढून घेणारा १८८७ चा कायदा याच इमारतीत संमत झाला होता.