देखणा कोड, कामाचा कोड

पुस्तकातला कोड देखणा आणि ऑफिसातला गबाळा, असं मी नोकरीला लागलो तेव्हा बिनधास्त म्हणायचो. मग बायनरी सर्चचा इतिहास वाचला.

जॉन बेंटली यांनी १९८६ च्या पुस्तकात हा कोड बरोबर असल्याचं सिद्ध केलं होतं. जोशुआ ब्लॉक यांनी जावासाठी तसाच लिहिला. सुमारे नऊ वर्षं चालला. मग कुणाचा तरी प्रोग्राम कोसळला! २००६ मध्ये ब्लॉक यांनी स्वतःच सांगितलं: यादीत शंभर कोटींहून जास्त नोंदी असल्या, की मधली जागा काढतानाची बेरीज ३२ बिटांत मावत नाही.

पुस्तकातल्या उदाहरणाला एवढा भार कधी पडतच नाही. कामावर पडतो.

मीही एकदा ऑफिसातली एक ‘निरर्थक’ ओळ पुसली होती. रात्री दोन वाजता परत घातली.