नक्कल-प्रतिबंधित फ्लॉपीवरील संगणक खेळांचे जतन : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
इतिहासलेखनात साधनांना अनन्यसाधारण महत्त्व असते. ताम्रपट, बखरी व मोडी दफ्तरे यांच्या जतनाचा विचार महाराष्ट्रात शतकाहून अधिक काळ होत आला आहे. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस निर्माण झालेल्या संगणकीय साधनांकडे त्या दृष्टीने फारसे पाहिले जात नाही. फ्लॉपीवर विकले गेलेले संगणक खेळ हे असेच एक साधन होय. त्यांची नक्कल होऊ नये म्हणून घातलेले कुलूपच आज त्यांच्या जतनातील मोठा अडथळा ठरले आहे. प्रस्तुत निबंधात मुख्यतः 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या खेळाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

कुलपाचे स्वरूप :
जॉर्डन मेकनर यांनी तयार केलेला हा खेळ 1989 मध्ये प्रथम ॲपल टू या संगणकासाठी प्रसिद्ध झाला. या संगणकाच्या फ्लॉपीवर 35 वर्तुळाकार मार्ग व प्रत्येक मार्गावर 256 बाइटचे 16 विभाग, म्हणजे एकूण 140 किलोबाइट माहिती मावत असे. विक्रीच्या फ्लॉपीवर मात्र प्रत्येक मार्गावर 18 विभागांइतकी माहिती कोंबलेली होती. त्यामुळे सामान्य नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमला ती वाचताच येत नसे. अन्य उत्पादकांनी मुद्दाम सदोष विभाग ठेवणे, दर वाचनात बदलणारे अस्थिर बिट लिहिणे, लेझरने पृष्ठभागावर खूण करणे असे उपाय योजले.

डॉस आवृत्तीत कुलूप कागदावर होते. पहिली पायरी ओलांडल्यावर हस्तपुस्तिकेतील विशिष्ट पान, ओळ व शब्द विचारला जाई आणि त्या शब्दाच्या आद्याक्षराची बाटली निवडावी लागे. महाराष्ट्रातील ज्या विद्यार्थ्यांनी संगणक वर्गात हा खेळ हातोहात आलेल्या फ्लॉपीवरून खेळला, त्यांच्यापाशी ती पुस्तिका असण्याचा प्रश्नच नव्हता. कुलूप काढलेल्या प्रतींचा प्रसार का झाला, याचे एक उत्तर येथे मिळते.

जतनाचे दोन मार्ग :
पहिला मार्ग कुलूप तोडण्याचा. अशा प्रतींमुळे असंख्य खेळ टिकले, हे मान्य करावे लागते. परंतु त्यांत मूळ संहितेत बदल होतो. काही वेळा आरंभीचे चित्र गाळले जाते व तोडणाऱ्याचे नाव घातले जाते. दुसरा मार्ग फ्लॉपीवरील चुंबकीय बदल त्यांच्या कालांतरासह जसेच्या तसे नोंदविण्याचा. 2001 मध्ये सुरू झालेल्या सॉफ्टवेअर प्रिझर्व्हेशन सोसायटीने या दिशेने काम केले. ॲपल टूसाठी 2018 मध्ये 'वॉझ' हे नोंदस्वरूप पुढे आले. एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राचे वर्तन हुबेहूब करणारा प्रोग्रॅम, अशी नोंद वाचतो तेव्हा कुलूप न तोडताच खेळ सुरू होतो.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तेथे पाठभेद टाकून न देता नोंदविले गेले. हीच दृष्टी येथेही आवश्यक आहे. तोडलेली प्रत हा एक पाठभेद आहे; तिला मूळ पाठ समजणे ही संशोधनातील चूक ठरेल.

मेकनर यांची मूळ प्रोग्रॅम-संहिता असलेल्या फ्लॉपी 2012 मध्ये सापडल्या. जेसन स्कॉट व टोनी डियाझ यांनी त्यांतील माहिती बाहेर काढली. निर्मात्याच्या कपाटातून सर्वच खेळांची संहिता अशी हाती येईल, असे मानता येत नाही.

भारतीय कायद्याची स्थिती :
अमेरिकेत 2003 मध्ये कालबाह्य माध्यमांवरील प्रोग्रॅम व खेळांचे कुलूप उघडण्यास मर्यादित सूट देण्यात आली. भारतात 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 52 प्रोग्रॅमच्या कायदेशीर धारकास राखीव प्रत करू देते; मात्र ती केवळ तात्पुरते संरक्षण म्हणून. 2012 च्या दुरुस्तीने अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयास जतनासाठी कृती संगणकात साठविण्याची मुभा दिली, परंतु ग्रंथालयाकडे तिची बिगर-डिजिटल प्रत असावी, अशी अट घातली. फ्लॉपी ही मुळातच डिजिटल प्रत असल्याने ती या तरतुदीबाहेर राहते. त्याच दुरुस्तीतील कलम 65 अ हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणे दंडनीय ठरविते. जतनाचा हेतू त्यात मोडत नसला, तरी ग्रंथालयास निर्धास्तपणे काम करता येईल अशी स्पष्ट परवानगीही त्यातून मिळत नाही. 1954 च्या ग्रंथ वितरण कायद्यानुसार मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयाकडे ग्रंथांची प्रत जाते. संगणक खेळांसाठी तशी सोय नाही. लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. तोवर फ्लॉपीवरील चुंबकीय थर टिकेल, याची शाश्वती नाही.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, खेळांचे जतन आजवर प्रामुख्याने हौशी मंडळींनी केले आणि त्यांतील अनेकजण कायद्याच्या सीमारेषेवर वावरले. कलम 52 मधील 'बिगर-डिजिटल' ही अट दूर केल्यास हे काम ग्रंथालयांना उघडपणे करता येईल. तोपर्यंत निदान भंगारात जाणारी फ्लॉपी थांबविणे शक्य आहे. बोरी अरबसारख्या गावातील महाविद्यालयासही जुन्या फ्लॉपी व त्यांच्या हस्तपुस्तिका ओलावा, धूळ आणि उन्हापासून दूर ठेवून त्यांची यादी करता येईल. त्यासाठी यंत्रसामग्री लागत नाही. हे इतिहासाचे साधन आहे, एवढी जाणीव पुरेशी आहे.