तुटलेल्या हाताचा हिशेब

खामगाव ही वऱ्हाडातली कापसाची मोठी पेठ. १८७० साली जलंब-खामगाव आगगाडी सुरू झाली ती कापसासाठीच. गाठी मुंबईला गेल्या, पैका पेढ्यांत गेला. जिनात ज्यांची बोटं गेली त्यांचा इतिहास कोणी लिहिला?

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यानं तुटलेल्या अंगाला आकडा दिला. पुढं दुरुस्त झालेल्या परिशिष्टात अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली, तर्जनी गेली तर १४, एका हाताची चारही बोटं गेली तर ५०. दावा चालायचा सरकारनं नेमलेल्या आयुक्तापुढं. तिथं मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं : 'हा माझा मजूरच नव्हे!'

१९६८ साली ओरिसात असंच झालं. एका सिनेमागृहात सजावटीचं काम करताना सुतार खाली पडला. डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालक म्हणे, हा कंत्राटी माणूस, पडला तो स्वतःच्या चुकीनं. आयुक्तानं ९,८०० रुपये भरपाई, वर ५० टक्के दंड आणि व्याज लावलं. मालक रिट घेऊन उच्च न्यायालयात गेला. हरला. मग सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर १९७५ मध्ये चार न्यायमूर्तींनी त्याला परत पाठवलं. एका हातानं सुतारकी होत नाही, म्हणून कमाई शंभर टक्के गेली. आणि भरपाई देणं लागतं ते अपघात झाल्यापासून, आयुक्ताचा निकाल लागल्यापासून नव्हे. मधे २००७ साली उलटा निकाल आला. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानंच जुना निकाल खरा धरला.

मित्रांनो, रिटचं दार संविधानानं आपल्यासाठी उघडलं. पण त्यातून मालकही आत शिरतो, वकील घेऊन. म्हणून कायद्यानं अट घातली : मालकाला अपील करायचं तर आधी भरपाईची रक्कम जमा कर. पण दुसरी अट आपल्यालाही लागू आहे. अपिलात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्नच चालतो. माणूस कामावर होता का, किती मजुरी मिळत होती, हे आयुक्तापुढं सिद्ध झालं नाही तर नागपूर खंडपीठात ते नव्यानं उभं करता येत नाही.

'मजूर कोणाचा?' हा सवाल जिनाबरोबर संपला नाही. २० ऑगस्ट २०२१ रोजी आपल्याच जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यात तढेगावजवळ समृद्धी महामार्गाच्या मजुरांची गाडी उलटली. लोखंडी सळ्या आणि माणसं एकाच गाडीत. १३ जण मेले, बहुतेक परप्रांतातले. अशा वेळी ठेकेदाराकडं बोट दाखवून मूळ मालक सुटत नाही, असं १९२३ चा कायदाच सांगत होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली. हा नियम, अपिलाच्या अटी आणि दाव्याची दोन वर्षांची मुदत तिच्यातही आहे.

तेव्हा कार्यकर्त्यानं मोर्चा काढावाच. पण त्याआधी दवाखान्यात जावं. चिठ्ठीवर अपघाताची जागा, तारीख, वेळ लिहून घ्यावी. हजेरीपटाची नक्कल, पंचनामा, सोबत्यांचे जबाब गोळा करावेत. मालकाचे कागद पहिल्या दिवशीच तयार होतात. आपलेही झाले पाहिजेत.