रेडिओचा खर्च कोण देतो?

मंडळी, औशाच्या बाजारात तूर घेऊन आलेल्या शेतकऱ्याला विचारा, "रेडिओ ऐकायला काय पडते हो?" तो म्हणेल, "काय पडायचे? फुकटच की!" पण हवामानाचा अंदाज सांगणाऱ्याला पगार लागतो, यंत्राला वीज लागते. तो पैसा येतो कुठून?

एके काळी याचे उत्तर सोपे होते. रेडिओ बाळगायचा तर सरकारी परवाना घ्यावा लागे. पोस्टात दहा रुपये भरले की वर्षाचा परवाना मिळे. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे केंद्र सुरू झाले, ते एका खाजगी कंपनीचे. दहांतले आठ रुपये कंपनीला मिळत. इंग्लंडात १९२२ पासून हीच रीत होती आणि ती चालली, कारण तिथे घरोघर रेडिओ झाले. आपल्याकडे यंत्र महाग, ऐकणारे थोडे आणि त्यांतही परवान्याशिवाय ऐकणारे बरेच! परवाने दहा हजारांवरही गेले नाहीत. १९३० च्या मार्चमध्ये कंपनी बुडाली. लोकांच्या मागणीवरून सरकारने १ एप्रिलपासून काम हाती घेतले.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. हैदराबादचा डेक्कन रेडिओ १९५० मध्ये आकाशवाणीत आला. पण खेड्यातल्या माणसाला यंत्र परवडणार कसे? म्हणून गावासाठी सामुदायिक रेडिओ निघाला. १९५६ मध्ये पुणे केंद्राने सुमारे दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळे चालविली. मंडळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राला कळवीत. परवान्याच्या हिशेबात तिथे एकच यंत्र. पण ऐकणारे कान किती! म्हणजे गावाच्या उपयोगाचे मोजमाप पावत्यांवरून होत नाही.

पुढे १९६७ मध्ये विविध भारतीवर जाहिराती आल्या, १९७६ मध्ये दूरदर्शनवर. १९८० नंतर काही वर्षांतच घरगुती रेडिओ-टीव्हीचा परवाना रद्द झाला. गरिबाचा भार हलका झाला, हे चांगलेच. इंग्लंडात मात्र रेडिओचा वेगळा परवाना १९७१ मध्ये गेला, तरी टीव्हीची फी राहिली. आपल्याकडे १९९७ मध्ये प्रसार भारती महामंडळ आले. तरी जाहिरातींचे उत्पन्न पुरत नाही, बराच पैसा सरकारी अनुदानातूनच येतो.

आणि सरकारचा पैसा म्हणजे तरी कुणाचा? तुम्ही काडीपेटी घ्या की साबण घ्या, त्यात कर आहेच. फी गेली, खर्च गेला नाही. फक्त पावती दिसेनाशी झाली. पावती हातात असली की माणूस विचारतो, "पैसे भरलेत, मग आमच्या पिकाबद्दल का सांगत नाही?" पावती नसली की तो गप्प बसतो. धोका आहे तो इथे.

गुरुजींनी वर्गात एक प्रश्न जरूर घालावा: कोणत्या कार्यक्रमाला जाहिरातदार कधीच पैसे देणार नाही, पण तो बंद पडला तर आपल्या गावाचे नुकसान होईल? मुले जी यादी करतील, ती केंद्राला पत्राने कळवावी. त्या कार्यक्रमांचे पैसे आपण भरलेलेच आहेत.